शेजाऱ्याच्या तळघरातली एआर-१५

नेपरव्हिलकर – शुक्र, १३ जून २०२५, रात्री ९:४०

मंडळी, हा विषय इथे आधीही येऊन गेलाय आणि दरवेळी धाग्याला कुलूप लागलंय. तरी काढतोय, कारण यावेळी विषय पेपरातला नाही, आमच्या समोरच्या घरातला आहे.

समोरचा शेजारी, डेव्ह म्हणू त्याला. माणूस लाख मोलाचा. बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे साफ करून आमचाही करतो, दिवाळीत चकल्या मागून नेतो. त्याच्या मुलाने आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना पुढच्या शनिवारी रात्री झोपायला बोलावलंय. बायकोने पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता विचारलं, "त्यांच्याकडे ती बंदूक आहे ना?"

आहे. एआर-१५ रायफल. मी चालवलीय ती.

दोन वर्षांपूर्वी डेव्ह मला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला होता. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवलेली, आणि एका कॅम्पात सुभेदारसाहेबांच्या मेहरबानीने फौजेच्या जुन्या .३०३ रायफलीचे पाच राउंड. त्या .३०३ ने खांदा चार दिवस काळानिळा ठेवला होता, म्हणून मी यावेळी दात आवळूनच बसलो. आणि काहीच नाही! धक्का असा नाहीच. वजनाला हलकी, दस्ता आपल्या हाताच्या मापाने पुढेमागे होतो. दहा मिनिटांत मी, म्हणजे चष्मेवाला, पोट सुटलेला, डेटाबेसवाला माणूस, पन्नास यार्डांवर बशीएवढ्या गोलात एकामागून एक गोळ्या बसवायला लागलो. एक तापलेलं रिकामं काडतूस उडून कॉलरमध्ये शिरलं, मानेवर चट्टा उठला. तोही मी कौतुकाने मिरवला. आवडलं मला. उगाच खोटं कशाला बोलू?

आता दुसरी बाजू. आमच्यापासून तासाभरावर हायलंड पार्क, शिकागोचंच उपनगर. २०२२ च्या ४ जुलैच्या परेडवर एकाने गच्चीवरून ८३ गोळ्या झाडल्या, एका मिनिटाच्या आत. सात माणसं गेली, ४८ जखमी. बंदूक याच जातीची, कायदेशीर विकत घेतलेली. गंमत (हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही) म्हणजे त्या गावात अशा बंदुकांवर २०१३ पासून बंदी होती. गावाच्या वेशीवर काही जकात नाका नसतो.

त्यानंतर दीडेक महिन्यात आमच्या नेपरव्हिलने गावात त्यांची विक्री बंद केली. जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉयने राज्यभर कायदा केला: नवी विक्री बंद, रायफलीला दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी, एआरची एरवी तीसची) बंद, ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी १ जानेवारी २०२४ पर्यंत राज्य पोलिसांकडे नोंद करायची. बऱ्याच काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) शेरीफांनी जाहीर सांगितलं की आम्ही घरोघरी तपासत फिरणार नाही. कोर्टात कधी इकडे, कधी तिकडे. याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने मेरीलँडच्या बंदीचं प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी सोबत लिहिलं की एआर-१५ चा प्रश्न कोर्टाला लवकरच हाती घ्यावा लागेल. म्हणजे टांगती तलवार दोन्ही बाजूंवर.

तर प्रश्न दोन. एक, सामान्य माणसाकडे ही वस्तू असावी का? दोन, शनिवारी पोराला पाठवू का?

---

रिकामटेकडा – रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. 🍿

---

ह्यूस्टनचे तात्या – रात्री १०:३१

नेपरव्हिलकर, प्रामाणिक लिहिलंत, त्याबद्दल आधी रामराम. माझ्याकडे दोन आहेत, तेव्हा मी बोलणारच.

पहिलं म्हणजे एआरचा अर्थ असॉल्ट रायफल नाही. आर्मालाइट नावाची कंपनी होती, तिचं नाव आहे ते. युजीन स्टोनरने तिथे १९५० च्या दशकात ही रचना केली, १९५९ ला कोल्टने हक्क घेतले, फौजेसाठी एम-१६ झाली आणि १९६४ पासून नागरिकांसाठी वेगळी विकायला लागले. वेगळी म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. फौजेच्या बंदुकीत धाड धाड धाड जाणारी सोय असते, ती हिच्यात नाही. तसली मशीनगन १९३४ पासून नोंदणी आणि कराच्या जाळ्यात आहे, आणि मे १९८६ नंतर बनलेली नागरिकाला मिळतच नाही.

दुसरं, आकडे. एफबीआयचे २०१९ चे घ्या. हत्याराचा तपशील मिळालेले १३,९२७ खून. त्यात पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर ६,३६८. सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून ३६४. सुऱ्या-चाकूंनी याच्या चौपट मेले. मग टीव्हीवर रोज माझ्या रायफलीचाच फोटो का?

तिसरं, मी शहराबाहेर राहतो. रानडुकरं एका रात्रीत कुरणाचं शेत करून टाकतात. टेक्ससमध्ये २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी आहे, यावरून काय ते समजा. कळपात वीस असतात, एक पडलं की बाकीची पांगतात. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करत बसलो तर एकच मिळतं.

---

मालवणी खाजा – शनि, १४ जून, सकाळी ८:०५ (भारत)

तात्यांनू, डुकरां आमच्याकडे पण आसत. तीस गोळये कित्याक व्हये?

आमच्या घरात आजोबांच्या नावची शेतीसंरक्षणाची बंदूक, आता वडिलांच्या नावावर. एकनळी, बारा बोअरची. परवान्यावर काडतुसं किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची तेसुद्धा लिहिलेलं. भात पोटरीला आलं की वडील रात्री माळ्यावर जाऊन बसतात. एक बार काढतात, बहुतेकदा हवेत, डुकरं पळतात, वडील झोप घेऊन परत येतात.

आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा... पाच वर्षांत बंदुकीने ठाण्याच्या जेवढ्या फेऱ्या मारल्यात तेवढ्या गावातल्या कुठल्या गुन्हेगाराने मारल्या नसतील. वडील ती जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने नेतात. हवालदार नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघतो, पावती देतो. पावती हरवली तर बंदूक हरवल्यापेक्षा मोठा घोर. मधल्या दिवसांत डुकरांना आचारसंहिता नसते, हे वडिलांचं नेहमीचं रडगाणं.

---

रिकामटेकडा – सकाळी ८:२०

डुकरांना आचारसंहिता नसते!! वारलो.

---

भूलतज्ज्ञ_बाई – सकाळी ९:१७

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रॉमा सेंटरला भूल देते. राजकारण बाजूला ठेवून फक्त टेबलावरचं सांगते.

पिस्तुलाची जखम म्हणजे बहुधा एक बोगदा. सर्जन त्यात बोट घालतो, वाट शोधतो, रक्त कुठून येतंय ते सापडतं, चिमटा लागतो. माझ्याकडे वेळ असतो. एआरची गोळी वजनाने पिस्तुलाच्या गोळीच्या जेमतेम निम्मी, साडेतीन-चार ग्रॅमची. पण वेग सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास, पिस्तुलाचा साडेतीनशे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे आपण सगळे नववीत घोकून आलोय. शरीरात ते असं दिसतं की वाटेत नसलेला अवयवही फाटलेला असतो. एकदा पोट उघडल्यावर आमच्या सर्जनने हात आत घातला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. यकृत हातात धरण्यासारखं उरलंच नव्हतं. मी रक्ताच्या पिशव्या लावत होते आणि खाली जमिनीवर ते तेवढ्याच वेगाने येत होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा.

तात्या, तुमचे ३६४ बरोबर आहेत. त्या आकड्यात बसणारे बरेच जण माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, एवढंच.

---

ह्यूस्टनचे तात्या – सकाळी ९:४५

बाई, तुमच्या कामाला हात जोडतो. पण मग हरणाची .३०८ या हिशेबात अजून वाईट. तिच्या गोळीत एआरच्या दुपटीच्या घरात ऊर्जा असते. तिच्यावर बंदी घाला असं कोणी म्हणत नाही, कारण तिचा दस्ता लाकडी आहे, आजोबांची वाटते. काळं प्लास्टिक दिसलं की लोकांना घाम फुटतो.

असल्या बंदुकांवर बंदी घालणारा १९९४ चा फेडरल कायदा आठवा. क्लिंटननी सही केली, दहा वर्षांची मुदत, १३ सप्टेंबर २००४ ला संपला. त्यात व्याख्या काय? मॅगझिन सुटं होतं का, आणि वर पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावायचा खाचा वगैरेंपैकी दोन गोष्टी आहेत का. कंपन्यांनी खाचा घासून काढला आणि तीच बंदूक दुसऱ्या नावाने विकली. संगिनीने भोसकून कोण मेलं होतं हो अमेरिकेत?

---

भूलतज्ज्ञ_बाई – सकाळी १०:०२

संगिनीचं मान्य. हसण्यासारखाच कायदा होता तो त्या बाबतीत. पण त्याच कायद्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन्स बंद होती, ते तुम्ही गिळलंत.

आणि हरणाच्या बंदुकीत गोळ्या चार-पाच. शिवाय ती खांदा फोडते. नेपरव्हिलकरांनी वर स्वतःच लिहिलंय ना, दहा मिनिटांत बशीत बसवायला लागलो म्हणून? माझ्या मते अख्ख्या धाग्यातलं महत्त्वाचं वाक्य ते आहे. ताकद एकटी असती तर चाललं असतं. ताकद आहे, धक्का नाही आणि पोटात तीस आहेत. न शिकलेल्या माणसालाही जमतं. फौजेने तिला निवडलं तेही याच गुणांसाठी: हलकी, सोपी, शिपायाला जास्त गोळ्या वाहता येतात.

---

नेपरव्हिलकर – सकाळी १०:२०

हे असं मी मांडलं नव्हतं मनात, पण हो. .३०३ मला "तू कोण रे?" विचारत होती. हिने विचारलंच नाही.

---

सावरपाडा एक्स्प्रेसचा चाहता – दुपारी १२:१०

माझा साधा प्रश्न. २६/११ ला सीएसटीवर चार प्रवाशांकडे बंदुका असत्या तर?

---

गिरगावकर – दुपारी १२:५५

हा प्रश्न दर धाग्यात येतो, म्हणून एकदाच लिहितो. त्या रात्री स्टेशनवर एके-४७ पुढे रेल्वे पोलिसांकडे .३०३ आणि काहींकडे नुसत्या लाठ्या होत्या. फलाटावर सामानासकट शेकडो माणसं, पोरंबाळं. त्यात चार घाबरलेल्या प्रवाशांनी गोळ्या झाडल्या असत्या तर पोलिसांनी कोणावर नेम धरायचा होता?

तुकाराम ओंबळेंनी आमच्या चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यातून मी तरी हे शिकलो की पोलिसाच्या हातात चांगलं शस्त्र द्या. शेजारच्या सोसायटीतल्या सेक्रेटरीच्या हातात नको. पार्किंगवरून तो काय करेल सांगता येत नाही.

(आणि १९९३ ला एका हिरोने "कुटुंबाच्या रक्षणासाठी" एके-५६ घरात ठेवली, त्याचं पुढे काय झालं ते येरवड्याला विचारा.)

---

ह्यूस्टनचे तात्या – दुपारी १:३०

पोलिसांच्या भरवशाचं बोलता? आमच्या टेक्ससमधल्या युव्हाल्डीच्या शाळेतला गोळीबार. २४ मे २०२२. एकोणीस लेकरं, दोन शिक्षिका. शाळेत एकूण ३७६ पोलीस जमले आणि खोलीत शिरायला ७७ मिनिटं लागली. बाहेर आईबाप ओरडत होते, त्यांना पोलिसांनी धरून ठेवलं. मी त्या राज्यात राहतो. तेव्हापासून "९११ लावा" म्हणणाऱ्याला मी काही बोलत नाही, नुसतं बघतो.

---

गिरगावकर – दुपारी १:४१

तात्या, ते का थांबले तेही सांगा. नंतरच्या चौकशीत कित्येकांनी कबूल केलं की आतल्याकडे एआर आहे हे कळल्यावर ते कचरले. ३७६ हत्यारबंद पोलीस ज्या वस्तूला घाबरले ती अठरा वर्षांच्या पोराला वाढदिवसानंतर काही दिवसांत दुकानातून मिळाली. सगळं कायदेशीर!

---

ह्यूस्टनचे तात्या – दुपारी १:५८

अठराचं वय एकवीस करायला माझी हरकत नाही. हे मी आमच्या क्लबातही बोललोय आणि शिव्या खाल्ल्यात.

---

चक्रम_चाणक्य – दुपारी २:१५

गांधीजींनी स्वतः म्हटलंय की इंग्रजांच्या कुकर्मांत अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा. आता बोला अहिंसावाल्यांनो.

---

दप्तरदार – दुपारी ३:३६

वाक्य खरं, संदर्भ कापलेला. १९१८ ला खेडा जिल्ह्यात गांधीजी इंग्रज फौजेसाठी पहिल्या महायुद्धाची भरती करत फिरत होते, त्या पत्रकातलं आहे ते. सरकारला संकटात मदत केली तर अविश्वास जाईल आणि हत्यारबंदी उठेल, असा युक्तिवाद. आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच दिलंय. घरोघरी रायफल हा त्याचा अर्थ ओढूनताणूनच निघतो.

मात्र राग खरा होता. १८७८ चा शस्त्र कायदा युरोपियनांना सूट आणि आपल्याला बेड्या असा होता. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, "नियमांच्या अधीन राहून" हे शेपूट जोडून. मग १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत आणायची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. अमेरिकेत १७९१ ला जे घटनेत शिरलं ते आपल्याकडे दारातूनच परत गेलं. म्हणून तिथे सरकारला "का नको" ते सिद्ध करावं लागतं आणि इथे मालवणी खाजांच्या वडिलांना "का हवी" ते.

१९५९ चा आपला कायदाही त्याच वळणाचा. .३०३, ७.६२ असल्या लष्करी काडतुसांची बंदूक प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर मिळत नाही, गृहमंत्रालयापर्यंत जावं लागतं. .३१५ चं माप चाललं तेच फौजेच्या गोळ्या त्या बंदुकीत बसू नयेत म्हणून. २०१९ ला माणशी तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आणली.

---

मालवणी खाजा – दुपारी ३:५०

दोन! आमका एक सांभाळूक जमणा नाय.

---

सिडनीची सुगरण – दुपारी ४:२०

ऑस्ट्रेलिया राहिलं की! २८ एप्रिल १९९६, पोर्ट आर्थरचा गोळीबार, ३५ माणसं गेली. बंदुकांत एक एआर-१५ होती. बारा दिवसांत सगळ्या राज्यांनी मिळून करार केला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड, चांगले उजवे, त्यांचेच मतदार शेतकरी. सेल नावाच्या गावी बंदूकवाल्यांच्या सभेत ते कोटाखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून बोलले. मेडिकेअरचा कर एक वर्षापुरता ०.२ टक्क्यांनी वाढवला, त्या पैशातून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन वितळवल्या. इथे परवाना मागताना "स्वसंरक्षण" हे कारण चालत नाही. शेती, शिकार, क्लब, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. न्यूझीलंडने २०१९ च्या क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर संसदेत ११९ विरुद्ध १ ने बंदी केली.

पण आमच्याकडे घटनेत बंदूक नव्हती, आणि अमेरिकेत नुसत्या या जातीच्याच दोन कोटींच्या वर आहेत असं उद्योगवालेच सांगतात. तिथे वितळवायला भट्टी कुठली आणायची?

---

एचवन_वाला_बाळू – सायं. ५:०२

जरा अवांतर. मी मागच्या वर्षी वेगासला रेंजवर एआर भाड्याने चालवली, इन्स्टावर फोटो टाकला. काही लफडं नाही ना?

---

दप्तरदार – सायं. ५:१०

फोटो काढ आधी. एच-वन, एल-वन, विद्यार्थी, कुठल्याही नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट, असे मोजके अपवाद. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही. शंका असेल तर वकिलाला विचार. इथल्या तात्यांना विचारू नकोस.

---

एचवन_वाला_बाळू – सायं. ५:११

😶 काढला.

---

ह्यूस्टनचे तात्या – सायं. ५:४०

बाळू, दप्तरदार बरोबर सांगतायत. गंभीरपणे घे.

---

लाल_डब्बा – सायं. ६:१५

सगळे एआरवर बोलतायत, पण लास वेगासचं हत्याकांड (२०१७, साठ बळी) बंप स्टॉकने झालं. दस्त्याला ते चढवलं की एकेक गोळीवाली बंदूक जवळपास मशीनगनसारखी चालते. ट्रम्प सरकारनेच त्यावर बंदी आणली, आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने उठवली, कारण काय तर चापाची यांत्रिक व्याख्या. चाप प्रत्येक गोळीला एकदा हलतोच म्हणे. तात्यांचं "एका वेळी एकच गोळी" हे संरक्षण इतकं पातळ आहे.

---

ह्यूस्टनचे तात्या – सायं. ६:३३

बंप स्टॉक हे खेळणं आहे, नेमही लागत नाही. त्याला मी कधी हात लावलेला नाही. ते गेलं तर मला सुतक नाही.

मॅगझिनवर मात्र मी अडतो. दहाची मर्यादा माझ्यावर लागेल, चोरावर नाही.

---

भूलतज्ज्ञ_बाई – सायं. ६:५०

टूसॉनचा गोळीबार, जानेवारी २०११. हल्लेखोराचं ३३ गोळ्यांचं मॅगझिन संपलं, तो दुसरं भरायला गेला आणि तेवढ्यात लोकांनी त्याला लोळवला. बंदूक पिस्तूलच होती. दहा असत्या तर ती वेळ तेवीस गोळ्या आधी आली असती. तात्या, डुकराच्या कळपात एखादं जास्त पळालं तर चालेल हो.

---

ह्यूस्टनचे तात्या – सायं. ७:१५

आज माझ्याकडे उत्तर नाही. उद्या असेल.

---

कोथरूडची काकू – सायं. ७:३०

बाकी सगळं ठीक. त्या लेकराचं शनिवारचं काय ठरलं?

---

नेपरव्हिलकर – रवि, १५ जून, रात्री ८:०५

काकू, तेच सांगायला आलो.

आज फादर्स डे, डेव्ह अंगणात ग्रिलवर होता. मनात चार वेळा वाक्य जुळवून गेलो आणि शेवटी तोंडातून भलतंच निघालं: "तुझ्या घरी कुत्रा, पोहण्याचा तलाव आणि बंदूक, तिन्हीबद्दल विचारायचं होतं." त्याला राग आला नाही. उलट चिमटा खाली ठेवून मला तळघरात घेऊन गेला. तिजोरी आहे, भिंतीला बोल्टने ठोकलेली, आकड्यांचं कुलूप. उघडून दाखवली. ती काळी आत उभी होती, शेजारी त्याच्या वडिलांची लाकडी दस्त्याची शॉटगन. आकडे बायकोला माहीत आहेत, मुलाला नाहीत, म्हणाला. मी मान डोलावली. आमच्या मुलाला आमच्या वायफायचा, आयपॅडचा आणि बायकोच्या फोनचा पासवर्ड कोणी सांगितला नव्हता, तो विचार मनात आला, पण गिळला.

राज्याकडे नोंद केली का, ते विचारायचं होतं. नाही विचारलं. हो म्हणाला असता तरी मी काय पावती मागणार होतो?

परत जिन्याकडे वळलो तर वॉशिंग मशीनवर, साबणाच्या डब्याशेजारी, काडतुसांचं खोकं. अर्धं रिकामं, झाकण उघडं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी बघितलं. डेव्ह लालबुंद झाला.

---

ह्यूस्टनचे तात्या – रात्री ८:२१

हे चूक आहे. तिजोरी असून काडतुसं बाहेर! त्याला माझा नंबर द्या, मी बोलतो.

---

कोथरूडची काकू – रात्री ८:३०

मग?

---

नेपरव्हिलकर – रवि, २२ जून, सकाळी ७:१२

मग त्याने खोकं उचलून माझ्यासमोर तिजोरीत टाकलं. आज सकाळी चिरंजीवांना आणायला गेलो, तेव्हा स्लीपिंग बॅग शोधायच्या निमित्ताने तळघरात उतरलो. मशीनवर फक्त साबण होता. मुलं वर पॅनकेक खात होती.

बॅग हॉलमध्ये होती, मला माहीत होतं.